सिम्युलेटरच्या मंजुरीचा कागद दारावर लावा : नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली.

महोदय,
स. न. वि. वि.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेले ओतीव भाग आम्ही मशीनिंग करून, तपासून, पुढे पाठवतो. विमानांशी माझा संबंध एवढाच होता की उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं विमान दिसलं की पोरं हातातलं काम थांबवून वर बघायची आणि मी त्यांना ओरडायचो. आता माझी थोरली मुलगी वैमानिक होते आहे. तिच्या लॉगबुकच्या एका पानामुळे हे पत्र लिहितो आहे.

त्या पानावर 14 नोंदी आहेत, सगळ्या सिम्युलेटरच्या, म्हणजे जमिनीवर बसून विमान उडवायचा सराव देणाऱ्या यंत्राच्या. बेरीज 18 तास 30 मिनिटं. प्रत्येक नोंदीसमोर इन्स्ट्रक्टरची सही आहे, यंत्राचं नाव आहे, त्या दिवशी काय केलं ते आहे. होल्डिंग (उतरायची वाट बघत हवेत घिरट्या), आयएलएस अप्रोच (रेडिओ संकेतांच्या आधाराने धावपट्टीकडे येणं), एक इंजिन बंद पडल्यावरचा अप्रोच. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे बाहेर दिसत नसताना फक्त समोरच्या उपकरणांवर विमान उडवायच्या परवानगीसाठी, कागद जमवायची वेळ आली तेव्हा कळलं की त्या यंत्राच्या मंजुरीची मुदत या 14 नोंदींच्या आधीच संपली होती. नूतनीकरणासाठी अर्ज केला होता, असं संस्थेने सांगितलं. पण मधल्या काळात मंजुरी नव्हती, म्हणून ते तास धरता येत नाहीत.

त्या रात्री पोरगी फोनवर एवढंच म्हणाली, "पप्पा, मी तर रोज वेळेवर बसलो. मशीन चालू होतं, सर शेजारी होते. मग ते तास गेले कुठं?" (आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, 'बसलो', 'आलो'.) मला उत्तर देता आलं नाही. माझ्या धंद्यात रोज जे मी दुसऱ्यांना सांगतो, तेच तिला सांगायला जीभ रेटेना.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगला 40 तासांचा इन्स्ट्रुमेंट अनुभव लागतो आणि त्यातले जास्तीत जास्त 20 तास जमिनीवरच्या यंत्रावर चालतात, हे आपल्याला मी सांगायला नको. इतर पालकांसाठी लिहितो. म्हणजे तिचा यंत्रावरचा जवळजवळ सगळा वाटा एका तारखेने पुसला. ते तास पुन्हा करायला अडीच महिने गेले. पैसे पुन्हा भरले. संस्थेचं नाव मी इथे घेणार नाही. माझं म्हणणं एका संस्थेपुरतं नाही, आणि ती संस्था वाईट आहे असंही मी म्हणत नाही. तिथल्या इन्स्ट्रक्टरांनी माझ्या मुलीला मनापासून शिकवलं आहे.

आता पहिली गोष्ट. तास नाकारले गेले, ते बरोबरच झालं.

हे लिहिताना मला त्रास होतो, पण मी उद्यमनगरातला माणूस आहे. आमच्याकडे भोक तपासायला प्लग गेज असतं. त्याची एक बाजू 'गो', दुसरी 'नो गो'. 'गो' भोकात गेली पाहिजे, 'नो गो' जाता कामा नये. रोज शेकडो नगांत घालून घालून 'गो' बाजू झिजते. झिजली की बारीक होते. बारीक झाली की जे भोक लहान पडलं आहे त्यातही ती सहज जाते, आणि कामगार नग पास करतो. डोळ्यांना काही दिसत नाही. गेज चकचकीतच असतं, वापरून वापरून उलट जास्तच चकचकीत. म्हणून प्रत्येक गेजवर चिकटपट्टी असते : कधी तपासलं, पुढे कधी तपासायचं. काही वर्षांपूर्वी आमचं एक गेज मुदत उलटून पाच आठवडे वापरात राहिलं. ग्राहकाचा ऑडिटर आला, त्याने पट्टी वाचली आणि अख्खा लॉट थांबवला. मी त्याच्याशी तावातावाने भांडलो. गेज लॅबला पाठवलं तर खरोखर झिजलेलं निघालं. लॉट पुन्हा मोजला. 26 नग परत आले, जे आम्ही स्वतः पास केले होते.

त्या दिवसापासून मुदत संपलेल्या गेजवर मोजलेला नग मी 'न मोजलेला' धरतो. नग चांगला असेलही. पण तो चांगला आहे हे सांगणारा कोणी नाही.

मुलीचे तास असेच. त्या 14 दिवसांत यंत्र अगदी बरोबर चाललं असेल. पण तसं म्हणण्याचा अधिकार ज्याला होता त्याने तपासलेलं नव्हतं. तेव्हा आपल्या कार्यालयाने नियम शिथिल करावा, मुलांवर दया दाखवावी, अशी विनंती मी करणार नाही. ढगात शिरलेल्या विमानाच्या मागच्या सीटवर उद्या माझीच बायको बसलेली असेल.

माझी तक्रार वेगळी आहे. माझ्या गेजवर चिकटपट्टी असते आणि ती माझा सगळ्यात नवा हेल्परही वाचू शकतो. माझी मुलगी ज्या यंत्रात बसली, त्याची पट्टी तिला कुणी दाखवली नाही. कुठे बघायची हेही तिला माहीत नव्हतं. जिचे तास, जिचं कर्ज आणि उद्या जिच्या हातात विमान, तिलाच मंजुरी संपल्याचं सगळ्यात शेवटी कळलं.

गेल्या वर्षभरात मी या विषयावर मिळेल ते वाचलं आहे. आधी रागाने वाचलं, नंतर कुतूहलाने. जमिनीवर बसून उडायला शिकवणारं पहिलं नाव घेण्याजोगं यंत्र अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने 1929 साली तयार केलं. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. हवेवर चालणाऱ्या वाद्यांचे भाते त्याला चांगले माहीत होते आणि त्याच भात्यांनी त्याने लाकडी विमान डुलवलं. आपल्या भजनातल्या पेटीचा भाता आठवा, तसाच. पुष्कळ काळ त्याच्याकडे खेळणं म्हणूनच बघितलं गेलं. 1934 मध्ये अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याची जबाबदारी आली. खराब हवेत, फक्त यंत्रांकडे बघून उडवायचा सराव त्यांना नव्हता आणि एकामागून एक वैमानिक मेले. तेव्हा कुठे लष्कराने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. म्हणजे सिम्युलेटरचा आणि माझ्या मुलीच्या त्या पानाचा विषय जन्मापासून एकच आहे : बाहेर काही दिसत नसताना विमान सरळ ठेवणं.

आमच्या कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 साली उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ सुरू केला तेव्हा लिंकच्या यंत्राला अवघी दहा वर्षं झाली होती. आज तिथे नवं टर्मिनल आहे, धावपट्टी वाढली आहे. पण जुलैमध्ये ढग खाली आले की खालून अजूनही फक्त आवाज ऐकू येतो. विमान दिसत नाही. वर बसलेल्यांनाही जमीन दिसत नसते.

आणि चुका जमिनीवर करणंच बरं, यात मला शंका नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. ती बातमी आली तेव्हा मुलगी दुसऱ्या गावी प्रशिक्षणातच होती. तिने फोन उचलेपर्यंतची वीस मिनिटं तिची आई देवघरासमोरून उठली नाही. त्यामुळे सिम्युलेटर वापरूच नका असं म्हणणाऱ्यातला मी नाही. जास्त वापरा. पण ज्याच्यावर इतकं काही सोपवायचं ते यंत्र खरं बोलतं का, हे कुणीतरी ठामपणे सांगितलं पाहिजे. मंजुरी म्हणजे तेच सांगणं, असं मी समजतो.

ती मंजुरी कशी देतात हे वाचलं तेव्हा मला घरचंच काहीतरी वाचल्यासारखं झालं. मोठ्या सिम्युलेटरसाठी खऱ्या विमानाच्या चाचणी उड्डाणांत मोजलेली माहिती घेतात. ब्रेक सोडल्यापासून नाक उचलेपर्यंत किती सेकंद गेले, दांडा ओढायला किती जोर लागला, इंजिन बंद पडताच नाक किती झपाट्याने वळलं. मग सिम्युलेटरवर तेच करून दोन आलेख एकावर एक ठेवतात. फरक ठरलेल्या मर्यादेत हवा. या चाचण्यांच्या ग्रंथाला क्वालिफिकेशन टेस्ट गाइड म्हणतात, आणि पहिल्या तपासणीत मान्य झालेल्या प्रतीला 'मास्टर'. आमच्या गेज रूममध्ये काचेच्या पेटीत ठेवलेलं, कुणी हात न लावायचं, ज्याच्याशी बाकी सगळं ताडून बघायचं, त्यालाही मास्टरच म्हणतात. पुढे ठराविक काळाने त्याच चाचण्या पुन्हा घेतात. यंत्र मास्टरपासून सरकलं का, एवढंच बघायचं. शिवाय अनुभवी वैमानिक स्वतः बसून उडवून बघतो, कारण काही गोष्टी आलेखात येत नाहीत.

वर्गवारीही आहे. पूर्ण हलणाऱ्या सिम्युलेटरांचे ए, बी, सी, डी असे स्तर. डी सगळ्यात वरचा, त्यावर शिकून वैमानिक थेट प्रवाशांसह उड्डाणाला जाऊ शकतो इतका भरवशाचा. त्याच्या खाली न हलणारी, स्वस्त यंत्रं, जी प्रशिक्षण संस्थांमध्ये असतात. आमच्या मुलांच्या वाट्याला आधी हीच येतात. ज्या वयात हाताला पहिली सवय लागते, त्या वयात मूल या खालच्या यंत्रांवर असतं. पुढे मोठ्या कंपनीत गेल्यावर त्याला डी स्तराचं यंत्र मिळेलही, पण लागलेली सवय मोडणं नवी लावण्यापेक्षा अवघड. गंगावेस तालमीतला कुठलाही वस्ताद हे सांगेल. जोडीदार रोज आपणहून पडत राहिला तर पोराला वाटतं आपला डाव बसतो आहे. खासबागेच्या कुस्ती मैदानात समोरचा पडत नाही तेव्हा कळतं.

सिम्युलेटर चुकीचं शिकवू शकतो का? शिकवू शकतो, आणि माणसं मरतात. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं एक एअरबस ए-300 विमान पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडलं. सहवैमानिकाने रडर पेडल (शेपटीची उभी झडप फिरवणारं पायाखालचं पेडल) दोन्ही बाजूंना जोरजोराने दाबलं आणि शेपटीचा उभा पंखा तुटून पडला. विमानातले 260 आणि जमिनीवरचे 5, असे 265 जीव गेले. अमेरिकेच्या तपास मंडळाने त्या विमानाच्या रडर यंत्रणेच्या रचनेकडे बोट दाखवलं, तसंच कंपनीच्या प्रशिक्षणाकडेही. सिम्युलेटरवरच्या एका सरावात असा भोवरा विमानाला भलतंच कलंडवून टाकत असे. खऱ्या आकाशात एवढं मोठं विमान त्याने तसं कलंडत नाही. ते पाहून वैमानिकाच्या मनात भोवऱ्याची वाजवीपेक्षा मोठी धास्ती बसली असू शकते, असं मंडळाने म्हटलं. यंत्र बंद नव्हतं. त्यात कुठला भाग मोडला नव्हता. सरावच खोटा होता.

हे वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. आमच्याकडे झिजलेलं गेज निदान मुकं असतं, ते कुणाला काही शिकवत नाही.

दुसरी गोष्ट 2009 च्या दोन अपघातांनंतरची. फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ, जूनमध्ये अटलांटिक महासागरावर. दोन्हींत पंखांनी हवेची पकड सोडली, म्हणजे विमान स्टॉल झालं आणि वैमानिकांकडून ते सावरलं गेलं नाही. त्या काळचे सिम्युलेटर स्टॉलच्या उंबरठ्यापर्यंत विमानासारखे वागायचे. उंबरठा ओलांडल्यावर विमान कसं वागतं याची पुरेशी माहितीच त्यांच्यात भरलेली नसायची. तिथे यंत्र अंदाज करायचं आणि अंदाजही खऱ्यासारखाच दिसायचा. अमेरिकेने 2016 मध्ये नियम बदलून स्टॉलनंतरचं वागणंही सिम्युलेटरमध्ये असलं पाहिजे असं ठरवलं. यातून मला एक समजलं. मंजुरी कुठवर आहे ती हद्द मंजुरीइतकीच महत्त्वाची. आमच्या मोजमाप प्रयोगशाळांच्या मान्यतेला 'स्कोप' नावाची पुरवणी जोडलेली असते. अमुक मोजमाप, अमुक ते अमुक मापापर्यंत. त्याबाहेर त्या लॅबने दिलेला दाखला आम्ही घेत नाही, मग तिच्या भिंतीवर प्रमाणपत्र कितीही मोठं असो.

आपल्या देशातलं बोलतो. एप्रिल 2022 मध्ये आपल्याच कार्यालयाने एका विमान कंपनीच्या 90 वैमानिकांना बोइंग 737 मॅक्स उडवण्यापासून रोखलं आणि पुढे कंपनीला 10 लाखांचा दंड केला. कारण दिल्लीजवळच्या ज्या सिम्युलेटरवर त्यांचं प्रशिक्षण झालं त्याचा स्टिक शेकर चालत नव्हता. स्टॉल जवळ आला की वैमानिकाच्या हातातला दांडा थडथडवणारी ती यंत्रणा. मॅक्सचे जे दोन अपघात 2018 आणि 2019 मध्ये झाले, 189 आणि 157 माणसं गेली, त्या दोन्ही उड्डाणांत एका सदोष सेन्सरमुळे कॅप्टनच्या हातातला दांडा सतत थडथडत होता. त्या गोंधळात डोकं शाबूत ठेवून काय करायचं हेच तर शिकवायचं होतं, आणि नेमकी तीच यंत्रणा बंद. आपण ते पकडलंत याबद्दल मनापासून आभार. पण मला सांगा, त्या खोलीत 90 जण येऊन गेले. शेकर चालत नाही हे दारावरच्या कागदावर लिहिलेलं असतं, तर दुसरा किंवा तिसराच वैमानिक 'मी आज बसत नाही' म्हणाला नसता का?

2025 मधलं प्रकरण तर हद्दीचंच. एका मोठ्या विमान कंपनीच्या सुमारे 1,700 वैमानिकांचं कालिकत, लेह, काठमांडू अशा अवघड विमानतळांसाठीचं प्रशिक्षण त्या विमानतळांसाठी पात्र नसलेल्या सिम्युलेटरवर झालं, असं आपल्या तपासणीत आलं आणि 20 लाखांचा दंड झाला. कंपनीने त्या आदेशाला आव्हान देण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या वादात मी पडत नाही. पण कालिकतची धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर आहे. 7 ऑगस्ट 2020 ला पावसात तिथे विमान घसरून 21 जण गेले. लेहला दहा हजार फुटांवर डोंगरांच्या कुशीत उतरायचं असतं. तिथला डोंगर पडद्यावर जिथे हवा तिथे आहे का, एवढा साधा प्रश्न त्या मंजुरीत दडलेला असतो. नुसतं 'हे सिम्युलेटर मंजूर आहे' म्हणून भागत नाही. कशासाठी मंजूर, ते हवं.

या दोन प्रकरणांतल्या वैमानिकांच्या हाताशी कंपनी होती, वकील होते, संघटना होत्या. आमच्या मुलांच्या मागे कोण? माझ्याकडे आता लोक विचारायला येतात. हुपरीचे एक चांदी कारागीर आले होते, त्यांचा मुलगा बारावीला आहे. शिरोळ तालुक्यातले एक ऊस बागायतदार मुलीला घेऊन आले. बेळगाव, बारामती, जळगाव, धुळे, सगळीकडच्या संस्थांची माहितीपत्रकं त्यांनी जमवली होती. विमानं किती, हॉस्टेल कसं, मेसमध्ये जेवण काय, मुलींची सोय कशी, सगळं विचारलेलं. सिम्युलेटरची मंजुरी कधीपर्यंत आहे, हा प्रश्न एकाच्याही वहीत नव्हता. माझ्याही वहीत नव्हता. पन्नास लाखांच्या आसपास रक्कम उभी करताना माणूस कर्जाचे हप्ते मोजतो, शेताचा तुकडा जातो का बघतो. सरकारमान्य संस्था म्हटल्यावर आतलं प्रत्येक यंत्र सरकारने पाहिलं असणार, असं तो धरून चालतो. तसं धरणं त्याची चूक आहे, असं मला वाटत नाही.

म्हणून मागतो ते असं. प्रत्येक सिम्युलेटरच्या दारावर, मग तो डी स्तराचा असो की फ्लाइंग क्लबच्या खोलीतला छोटा, आपल्या सहीचा एक पानी कागद लावलेला असावा. त्यावर यंत्राचा क्रमांक, स्तर, मंजुरीची शेवटची तारीख, कुठल्या सरावासाठी आणि कुठल्या परवान्याच्या तासांसाठी तो चालतो, कुठल्यासाठी चालत नाही, आणि आज त्यात काय बिघडलेलं आहे. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि ती रोज भरायची. तोच कागद आपल्या संकेतस्थळावर कुणालाही, लॉगिन न करता, क्रमांक टाकून दिसावा. हिंदीत आणि इंग्रजीत असेलच. मराठीतही असला तर शिरोळच्या त्या बापाला मला विचारायला यावं लागणार नाही.

दुसरं ई-जीसीएबद्दल, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या ऑनलाइन पोर्टलबद्दल. परवान्यासाठी लॉगबुकच्या नोंदी आता तिथे चढवाव्या लागतात. ज्या दिवशी नोंद चढते त्याच दिवशी संगणकाने यंत्राचा क्रमांक आणि तारीख ताडून बघावी, आणि मंजुरी संपलेली असेल तर तिथल्या तिथे नाकारावी. आज नाकारलं तर मुलाचे दोन तास जातात. सगळे कागद जमल्यावर, महिन्यांनी नाकारलं तर 18 जातात. माझ्या शॉपमध्ये बार्कोडवर चालणारी गेजची नोंद आहे, मुदत संपलेलं गेज स्टोअरमधून बाहेरच निघत नाही. ती करायला मला एका डिप्लोमा झालेल्या पोराचा महिनाभराचा पगार लागला. आपल्या कार्यालयाला हे अवघड नसावं.

नूतनीकरणाचं थोडं नाजूक आहे, आणि इथे मी संस्थांच्या बाजूने बोलतो. संस्थेने वेळेत अर्ज केला, फी भरली, आणि निरीक्षक यायला उशीर झाला, तर तिने काय करावं? यंत्र बंद ठेवलं तर बॅच अडकते, चालू ठेवलं तर मुलांचे तास बुडतात. आपल्या कार्यालयाची मंजूर पदं जवळजवळ निम्मी रिकामी असल्याचं संसदेच्या समितीने 2025 मध्ये नोंदवलं आहे. निरीक्षक कमी असतील तर उशीर होणारच, त्याला तो निरीक्षक जबाबदार नाही. पण तो उशीर कुणाच्या खात्यावर पडतो ते बघा. मुदत संपण्याच्या दिवशी आपल्याकडून दोनपैकी एक पत्र निघालंच पाहिजे : अमुक तारखेपर्यंत मुदत वाढवली आहे, किंवा यंत्र बंद ठेवा. मधली मोकळी जागा राहता कामा नये. त्या मोकळ्या जागेतच माझ्या मुलीच्या 14 नोंदी पडल्या.

आणि 'बंद ठेवा' म्हटल्यावरही यंत्र चालवलं, तर ते तास पुन्हा करून देण्याचा खर्च संस्थेचा, हे संस्थेच्या मान्यतेच्या अटीतच घाला. वाटल्यास दंड करा. पण दंड सरकारी तिजोरीत जातो. मुलाला हवे असतात ते तास, आणि गेलेले महिने.

एक छोटी गोष्ट राहिली. यंत्रात बिघाड आढळला तर तो लिहायची वही बहुतेक ठिकाणी इन्स्ट्रक्टरकडे असते. शिकाऊ मुलालाही त्यात लिहिता आलं पाहिजे, सहीसकट, आणि आधीचं वाचताही आलं पाहिजे. माझी मुलगी सांगत होती की त्या यंत्रावर डावीकडचा ट्रिम (दांड्यावरचा जोर हलका करणारी कळ) कधीकधी अडकायचा. ती समजत होती की आपलाच हात जड आहे. तीन आठवडे ती हात हलका करायचा प्रयत्न करत होती. तिच्या बॅचमधल्या आणखी दोघांना तोच अनुभव होता आणि तिघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. वही उघडी असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. हाताला लागलेली ती सवय तिला पुढे विमानात मोडावी लागली. बिनमंजुरीच्या काळाचं मला जे खरं दुःख आहे ते पैशांपेक्षा या तीन आठवड्यांचं आहे.

तिचे तास आता पूर्ण झाले आहेत, दुसऱ्या यंत्रावर. बसण्याआधी तिने मंजुरीचा कागद मागितला. तिथल्या बाईंनी फाइल शोधून, काही न बोलता, समोर ठेवली. मुदत होती. तिने फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "पप्पा, गेज बघितलं." तो फोटो मी या पत्रासोबत जोडला आहे, संस्थेचं नाव झाकून. कागद कसा असावा याचा नमुना म्हणून त्याचा उपयोग होईल. त्यात फक्त बिघाडांची ओळ नाही, ती आपण घालावी.

उत्तराची वाट बघतो.

आपला विश्वासू,
एक पालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर